ब्राम्सचं क्लॅरिनेट क्विंटेट: तुमच्या पसंतीचं ध्वनिमुद्रण कोणतं?

मध्यलय (धागाकर्ता), रविवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पाश्चात्त्य संगीतावर इथे अधूनमधून चर्चा होते, पण ती सिम्फनींपाशी सुरू होऊन सिम्फनींपाशीच संपते. चेंबर म्युझिकचे धागे चार प्रतिसादांत मान टाकतात. तरी पुन्हा एकदा प्रयत्न करून पाहतो.

विषय योहान्नेस ब्राम्सचं क्लॅरिनेट क्विंटेट, बी मायनर, ओपस ११५. एक क्लॅरिनेट, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. साधारण ३५ ते ४० मिनिटांचं काम. ज्यांनी ऐकलं असेल त्यांच्यासमोर मी त्याची महती गाणं म्हणजे आजोळच्या गप्पा आजीलाच सांगणं. म्हणून थेट ध्वनिमुद्रणांवर येतो.

माझी पहिली ओळख एका ९० मिनिटांच्या कॅसेटवर झाली. कॉलेजातल्या मित्राने भरून दिली होती. आधी मोझार्टचं क्लॅरिनेट क्विंटेट, मग हे. हिशेब थोडा चुकला, आणि ब्राम्सचा पहिला भाग मावळता मावळता ए बाजू संपली. खट्ट. बाजू उलटली की थेट आदाज्यो, म्हणजे संथ दुसरा भाग. पहिला भाग शेवटी कसा विझतो हे मला चार वर्षं माहीत नव्हतं, आणि आजही तो शेवट आला की कानात आधी 'खट्ट' वाजतं. कॅसेटच्या कागदावर फक्त 'ब्राम्स, व्हिएन्ना' एवढंच लिहिलेलं. बऱ्याच वर्षांनी सीडी ऐकताना वाक्यं ओळखीची वाटली तेव्हा उलगडा झाला: आल्फ्रेड बोस्कोव्स्की आणि व्हिएन्ना ऑक्टेटचे वादक, डेका, १९६१.

पण आज माझी पहिली पसंती ती नाही. माझ्या घरात पहिला मान क्लॅरिनेटवादक रेजिनाल्ड केल आणि बुश क्वार्टेट (चार तंतुवाद्यांचा चमू) यांच्या १९३७ च्या लंडनमधल्या मुद्रणाला. आवाज जुना आहे, खरखर आहे, खालचा चेलो कधीकधी भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो. तरीही. सुरुवातीला दोन व्हायोलिन ती गरगरती ओळ म्हणतात, ऐकणाऱ्याला ती बी मायनर की डी मेजर हेही नीट कळत नाही, आणि पाचव्या मात्रागटात क्लॅरिनेट खालून वर चढत येते. केल तिथे 'प्रवेश' करत नाही. तो आधीपासून खोलीत होता आणि आता बोलायला लागला, असं वाटतं. तेवढ्या चार सेकंदांसाठी मी ते मुद्रण पहिलं ठेवतो.

दुसरा क्रमांक कार्ल लाइस्टर आणि आमाडेउस क्वार्टेट, १९६७. तिसरा अजून ठरत नाही.

तुमचं काय?


तारषड्ज, रविवार रात्री १०:१५

धागा काढल्याबद्दल आभार, पण पहिल्या क्रमांकाला कडाडून विरोध.

केलचा तो कंप मला सहन होत नाही. क्लॅरिनेटचं सौंदर्य तिच्या खड्या सुरात आहे. ओबो थरथरतो, बासरी थरथरते, चार तंतुवाद्यं तर थरथरतातच. त्या सगळ्यांत एकच आवाज असा की जो ताठ उभा राहतो. ब्राम्सने तोच हेरला. आपल्याकडे तंबोऱ्यावर नुसता षड्ज लावून बसणारे गवई असतात ना, तसा सूर लाइस्टर लावतो. केल मात्र प्रत्येक लांब सुराला हळवं करून सोडतो. रडायचं काम श्रोत्याचं आहे, वादकाने ते परस्पर उरकू नये.

माझा क्रम: लाइस्टर-आमाडेउस पहिलं. लाइस्टरने हे काम पुढे अनेकदा मुद्रित केलं, पण १९६७ मधली टवटवी नंतर दिसत नाही. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये येऊन तेव्हा त्याला आठच वर्षं झाली होती. तारुण्यात वार्धक्याचं संगीत वाजवलं की कधीकधी जास्त खरं निघतं, कारण तो वार्धक्याचं सोंग आणत नाही.


पाऊसपाणी, रविवार रात्री १०:४०

एरवी रोमातच (नुसतं वाचत) असते, आज बाळबोध प्रश्न विचारायला लॉगिन केलं. मी हे काम आधी कधीच ऐकलेलं नव्हतं. धागा वाचून सुरू केलं, पहिला भाग आवडला, दुसऱ्यात मध्येच काहीतरी एकदम वेगळं, जवळजवळ जत्रेतलं वाजायला लागलं आणि मी गोंधळले. ते चुकून दुसरं गाणं लागलं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.


मध्यलय, रविवार रात्री ११:०५

@पाऊसपाणी, दुसरं गाणं लागलं नाही, आणि तुम्ही नेमक्या ठिकाणी गोंधळलात. सगळा वाद तिथेच आहे.

थोडी पार्श्वभूमी. १८९० मध्ये ब्राम्सने जी मेजरमधलं तंतुवाद्यांचं क्विंटेट (ओपस १११) पूर्ण केलं आणि आता पुरे, असं प्रकाशकाला कळवून टाकलं. तेव्हा वय ५७. निवृत्ती जाहीर. पुढच्या वर्षी तो मायनिंगनच्या दरबारी ऑर्केस्ट्राकडे गेला. ही त्याची जुनी हक्काची जागा, चौथ्या सिम्फनीचा पहिला प्रयोग १८८५ मध्ये तिथेच झालेला. तिथे रिखार्ड म्यूलफेल्ड नावाचा क्लॅरिनेटवादक होता. गंमत म्हणजे हा गृहस्थ ऑर्केस्ट्रात आला होता व्हायोलिनवादक म्हणून, क्लॅरिनेट नंतर हाती घेतली. ब्राम्स त्याच्या वादनावर इतका खूश झाला की पियानोवादक मैत्रीण क्लारा शूमनला लिहून कळवलं. निवृत्ती गेली वाऱ्यावर. १८९१ च्या उन्हाळ्यात बाड इशलला त्याने क्लॅरिनेट ट्रिओ (ओपस ११४) आणि हे क्विंटेट, दोन्ही लिहून काढली. नोव्हेंबरात मायनिंगनला खासगी मैफल, डिसेंबरात बर्लिनला जाहीर प्रयोग, सोबतीला व्हायोलिनवादक योआखिमचं क्वार्टेट. म्यूलफेल्डला तो पत्रांतून 'कुमारी क्लॅरिनेट' म्हणायचा. तीन वर्षांनी त्याच्यासाठीच दोन सोनाटा (ओपस १२०).

आता तुमची जत्रा. आदाज्यो बी मेजरमध्ये, सगळ्या तंतुवाद्यांना म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावलेला, क्लॅरिनेट तीन उतरत्या सुरांचं एक साधं वाक्य घेऊन फिरत राहते. मग मधला भाग, 'पिऊ लेन्तो' (आणखी संथ), पुन्हा बी मायनर: खाली तंतुवाद्यं थरथरतात आणि वर क्लॅरिनेट ताना घेत सुटते. हा हंगेरियन जिप्सी बँडचा बाज आहे. ब्राम्सला तो तरुणपणीच लागला होता. वयाच्या विसाव्या वर्षी, १८५३ मध्ये, तो एदे रेमेन्यी या हंगेरियन व्हायोलिनवादकाला साथ करत गावोगाव हिंडला होता. थरथरती तंतुवाद्यं म्हणजे सिम्बालोम. आपल्या संतूरच्या चुलत घराण्यातलं वाद्य आहे ते, काठ्यांनी वाजतं.

तेव्हा प्रश्न असा की त्या जागी वादक जिप्सी होतो की सूट घालूनच राहतो. इथे केल माझ्या मते सगळ्यांना मागे टाकतो.


तारषड्ज, रविवार रात्री ११:२०

केल तिथे जिप्सी होत नाही, इंग्रज गृहस्थ सुट्टीवर जातो तसा होतो. हलके घ्या.


व्हायोलावाली, सोमवार सकाळी ११:३० (जर्मनी)

सध्या थुरिंगियात राहते, म्हणून मायनिंगनचं नाव वाचून आत आले. तिथल्या एलिझाबेथेनबुर्ग राजवाड्यातल्या संग्रहालयात म्यूलफेल्डच्या क्लॅरिनेट आहेत. म्युनिकच्या ओटेनश्टाइनरने बनवलेल्या, बॉक्सवूडच्या. तपकिरी-पिवळसर लाकूड, आजच्या काळ्या क्लॅरिनेटशेजारी ठेवली तर नात्यातली वाटणार नाही. काचेतून पाहिल्या आणि उगाचच गळा दाटला. माणसाचं एकही ध्वनिमुद्रण नाही, १९०७ मध्ये गेला. राहिल्या त्या या नळ्या.

त्याच वाद्याची प्रतिकृती घेऊन एरिक होप्रिकने लंडन हायडन क्वार्टेटबरोबर हे क्विंटेट वाजवलं आहे, ग्लोसा लेबलवर, आतड्याच्या तारांसह. ते नक्की ऐका. आवाज मऊ आहे आणि मुख्य म्हणजे क्लॅरिनेट तंतुवाद्यांच्या डोक्यावर बसत नाही. मी हौशी व्हायोलावादक आहे. आम्ही मित्रमंडळींनी दोन हिवाळे हे काम वाजवलं, स्वतःसाठीच, कुणाला ऐकवायची हिंमत नव्हती. आतून वाजवताना कळतं की क्लॅरिनेट सगळ्या वेळ पुढे नाही. अर्ध्या वेळा ती व्हायोलाच्या हद्दीत येऊन आमच्यासारखी भरणी करत असते आणि मेलडी पहिल्या व्हायोलिनकडे असते. ब्राम्सच्या हयातीतच क्लॅरिनेटऐवजी व्हायोलाने वाजवायची आवृत्ती निघाली होती, ती काही उगाच नाही. शेवटच्या भागात थीमनंतर पहिल्याच व्हेरिएशनमध्ये (थीमच्या बदललेल्या रूपात) चेलो पुढे येतो, तिथे किती ध्वनिमुद्रणांत अभियंत्याने क्लॅरिनेट खाली घेतली आहे ते तपासा. फार थोड्यांत.

म्हणून माझी पसंती: यॉर्ग विडमन आणि हागेन क्वार्टेट, २०१२. विडमन स्वतः संगीतकार आहे, आणि ते वादनात दिसतं. तो स्वतःची ओळ वाजवताना शेजारच्या चार ओळी वाचत असतो. काही जागी इतकं हळू वाजवतो की सूर कुठे सुरू झाला ते कळू नये.

मध्यलय, तुमच्या बुश क्वार्टेटबद्दल एक भर. तुम्हाला क्लॅरिनेटसाठी ते आवडतं, मला बुशसाठी. आडोल्फ बुशचे कोलोनमधले गुरू विली हेस आणि ब्राम एल्डरिंग, दोघेही योआखिमचे शिष्य. योआखिमने या क्विंटेटचा बर्लिनचा पहिला प्रयोग वाजवला. म्हणजे घराण्याच्या हिशेबाने तो नातू. त्या १९३७ च्या मुद्रणात पहिल्या व्हायोलिनची एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची जी लकब आहे, ती आज कुठल्याही परीक्षेत नापास होईल. पण ती ब्राम्सच्या कानाची आहे.


मध्यलय, सोमवार दुपारी १:१०

क्या बात! घराण्याचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. तंतुवाद्यांकडे वंशावळ आहे, क्लॅरिनेटकडे मात्र नाही. म्यूलफेल्डचा गंडा कुणी बांधला आणि तो केलपर्यंत आला, असं काही दाखवता येत नाही. केल शिकला हेडन ड्रेपरकडे, तो चार्ल्स ड्रेपरचा पुतण्या. या चार्ल्स ड्रेपरने लेनेर क्वार्टेटबरोबर १९२८ मध्ये हेच क्विंटेट मुद्रित केलं. म्यूलफेल्डपेक्षा १३ वर्षांनी लहान, म्हणजे त्याच्याच काळात वाढलेला माणूस. तेव्हा तो जवळजवळ साठीचा होता. ते मुद्रण ऐकलंय का कुणी? वेग पाहून दचकायला होतं. कुठेही रेंगाळणं नाही, उसासे नाहीत. 'शरद ऋतूतली उदासी' वगैरे जे आपण सीडीच्या वेष्टनांवर वाचत आलो ते बहुधा नंतर चिकटलेलं प्रकरण आहे.


तारषड्ज, सोमवार दुपारी २:००

व्हायोलावाली, विडमन ऐकला. मान्य, तयारी अफाट. पण मला ते जरा 'बघा आम्ही किती हळू वाजवू शकतो' वाटलं. मार्टिन फ्रॉस्टचंही (२०१४ च्या आसपासचं, यानीन यान्सन वगैरे मंडळींबरोबर) तसंच. फ्रॉस्टचा श्वास कुठे संपतो आणि सूर कुठे सुरू होतो हे सापडत नाही, आणि पाच मिनिटांनी मी संगीत सोडून तेच शोधत बसतो. कौतुक करून दमायला होतं.

आणि ड्रेपरचा मुद्दा केलच्या विरोधात जातो हे लक्षात घ्या. तुमच्याच काका-पुतण्याच्या घराण्यात आधीचा माणूस सरळ वाजवतो, नंतरचा थरथरतो. म्हणजे कंप ही केलची स्वतःची भर.


मध्यलय, सोमवार दुपारी २:२५

भर असेना! भर घालणाऱ्यालाच आपण गवई म्हणतो, नाहीतर नकलाकार.

तसंही म्यूलफेल्ड सरळ वाजवायचा याला तरी पुरावा काय? मूळचा व्हायोलिनवादक माणूस. बोटांची सवय ओठांत उतरली नसेल कशावरून?


तारषड्ज, सोमवार दुपारी २:३१

'नसेल कशावरून' हा पुरावा नव्हे.


खमंग_चकली, सोमवार दुपारी ३:४५

दोघांनी इनो घ्या. आमच्याकडे क्लॅरिनेट म्हटलं की लग्नाच्या वरातीतला बँड. ब्राम्सच्या वरातीला कोण नाचलं?


फुंकर, सोमवार रात्री ८:५०

चकलीताई, तुम्ही गमतीत म्हणालात, पण मी त्याच वरातीतला. वडील सातारा जिल्ह्यातल्या एका बँडात ३५ वर्षं क्लॅरोनेट वाजवत होते (आमच्याकडे क्लॅरोनेटच म्हणतात). मीही दहावीपर्यंत त्यांच्याबरोबर गेलो, मग नोकरी. ब्राम्स मला फार उशिरा, एका वरिष्ठांनी दिलेल्या पेनड्राइव्हमधून भेटला. संगीताचं शास्त्र तुमच्याइतकं कळत नाही, पण फुंक कळते, म्हणून लिहितो.

एक. या कामातली क्लॅरोनेट ए सुरातली आहे. आम्ही बँडात वाजवतो ती बी-फ्लॅट. ए ची नळी किंचित लांब, आवाज अंगाने भारी आणि थोडा दबलेला. नुसतं वाद्य बदललं तरी निम्मी उदासी आपोआप येते.

दोन. बासरी जोरात फुंकली की वरच्या सप्तकातला तोच सूर लागतो. क्लॅरोनेटचं तसं नाही. ती एका टोकाला बंद असल्यासारखी वागते, म्हणून उडी सप्तकाची न पडता बाराव्या सुरावर पडते. त्यामुळे खालचा आवाज एक आणि वरचा दुसराच, जशी दोन माणसं. खाली धूर, वर धार. त्यांच्या मधोमध जो सांधा आहे तिथे आवाज पोकळ होतो, आणि तो सांधा लपवण्यात वाजवणाऱ्याचं अर्धं आयुष्य जातं. ब्राम्स वाजवणाऱ्याला सारखा त्या सांध्यावरून वरखाली पळवतो. पिऊ लेन्तोत तर एका श्वासात तळातून शेंड्यावर. ऐकताना ती तान मोकळी वाटते, पण सगळी लिहिलेली आहे, सूर न् सूर. वाजवणाऱ्याने आत्ता सुचल्यासारखं दाखवायचं.

तीन. जर्मन-ऑस्ट्रियन लोकांच्या चाव्यांची पद्धत वेगळी (ओलर), इंग्रज, फ्रेंच, अमेरिकन लोकांची वेगळी (बोम). मुखाशीही फरक, जर्मन वाद्याच्या मुखाची फट अरुंद आणि रीड (मुखाला बांधलेली वेताची पातळ पट्टी) कडक. तेव्हा तारषड्ज, लाइस्टरचा खडा सूर आणि केलचा हलता सूर हा नुसता आवडीचा प्रश्न नाही. लाइस्टरच्या रीडवर तसा कंप काढायचा म्हटलं तर जास्त झगडावं लागेल. वाद्यच त्याला ताठ ठेवतं.

वरातीचा अनुभव एवढाच की रस्त्यावर वाजवताना सूर हलवावा लागतो, नाहीतर ढोलाच्या गोंगाटात तो ऐकूच जात नाही. हलता सूर लांब पोचतो. केलची क्लॅरोनेट मला म्हणूनच ओळखीची वाटते. बंद खोलीतल्या चार लोकांत तो रस्त्यावरची फुंक आणतो. ते बरोबर की चूक हे तुम्ही ठरवा.


व्हायोलावाली, सोमवार रात्री ९:२०

फुंकर, दंडवत. 'खाली धूर, वर धार' हे वहीत लिहून ठेवलं.


पाऊसपाणी, सोमवार रात्री १०:०५

आता पुन्हा ऐकलं, या वेळी लाइस्टर. 'सांधा' शोधत ऐकलं आणि सापडला नाही, म्हणजे त्याने लपवलाय असं समजते :) आणखी एक कळलं. शेवटच्या भागात एकेक व्हेरिएशन होत जातं, मी मनात पाच मोजले, आणि मग अगदी शेवटी पहिल्या भागातली ती गरगरती ओळ परत आली. अंगावर काटा आला. कुणी आधी सांगितलं नाही ते बरं केलं.

तिसऱ्या भागाबद्दल कुणीच काही बोलत नाहीये. तो कमी दर्जाचा आहे का?


मध्यलय, सोमवार रात्री १०:३०

नाही हो. तो लहान आहे, चार-पाच मिनिटांचा, आणि सगळेच तो बरा वाजवतात. भांडायला जागा नाही म्हणून कुणी बोलत नाही.

राहून गेलेली थोडी नावं: थिया किंग आणि गॅब्रिएली क्वार्टेट (हायपेरियन), समजूतदार, घरगुती, पाहुण्यांना पहिल्यांदा ऐकवायला उत्तम. जर्व्हेस द पेयर आणि मेलोस आँसांब्ल, साठच्या दशकातलं, क्लॅरिनेट जरा जास्तच पुढे पण काय झोकदार! झाबीने मायर आणि आल्बान बेर्ग क्वार्टेट, १९९८ चं प्रत्यक्ष मैफलीतलं. इथे माझी तक्रार अशी की पाचही जण इतके अचूक आहेत की पिऊ लेन्तोत कुणी कुणाची वाटच पाहत नाही. आन्द्रेआस ओटेनसामरने तर अख्ख्या अल्बमलाच हंगेरियन नात्याचं नाव दिलं, २०१५. सोबत कावाकोससारखा व्हायोलिनवादक. @पाऊसपाणी, तुम्हाला ती जत्रा आवडली असेल तर ते घ्या.


तारषड्ज, सोमवार रात्री ११:००

मायरबद्दल असहमत, पण आज दमलो. उद्या.

फुंकर यांचा रीडचा मुद्दा मात्र डोक्यातून जात नाही. मी इतकी वर्षं ज्याला लाइस्टरचा संयम म्हणत होतो त्यात कडक रीडचा वाटा किती? मघाशी केल पुन्हा लावला. कंप अजूनही आवडत नाही. पण आदाज्योमध्ये जत्रा संपून तो पहिल्या वाक्याकडे परत येतो, ती जागा दोनदा मागे नेऊन ऐकली. एवढंच सांगतो.


मध्यलय, सोमवार रात्री ११:०४

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.


व्हायोलावाली, मंगळवार दुपारी १२:४०

एक नाव कुणी कसं घेतलं नाही? लेओपोल्ड व्लाख आणि व्हिएन्ना कोन्त्सर्टहाउस क्वार्टेट, वेस्टमिन्स्टर, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचं. मोनो. व्लाख व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा प्रमुख क्लॅरिनेटवादक, १९५६ मध्ये गेला. सगळं निवांत, जवळजवळ संथ. तंतुवाद्यं कधीकधी सुरात जराशी सैल. आमच्या ग्रुपचा चेलोवादक म्हणतो, हे पाच जण वाजवत नाहीयेत, जेवण झाल्यावर टेबलाशीच बसून राहिलेत.


फुंकर, बुधवार रात्री ९:१५

काल वडिलांकडे गावी होतो. वय ७८, दात गेल्यावर वाजवणं सुटलं, कान मात्र शाबूत. त्यांना हे कधी ऐकवलंच नव्हतं. संकोच म्हणा. या धाग्यामुळे धीर झाला. फोनवर, छोट्या स्पीकरला जोडून, फक्त आदाज्योचा मधला भाग तीनदा लावला: केल, लाइस्टर, व्लाख. नावं सांगितली नाहीत, देश सांगितला नाही, काहीच नाही.

केल लागल्यावर मांडीवर त्यांची बोटं हलायला लागली. झाल्यावर म्हणाले, "ह्यो बँडात चालंल." आमच्या घरात ही मोठी पदवी आहे.

लाइस्टरला म्हणाले, "फुंक लई स्वच्छ. मास्तर आसनार."

व्लाखला काहीच बोलले नाहीत. मी विचारलं, आवडलं नाही का? तर म्हणाले, "थांब की. ह्येला कुटं घाई हाय? ह्येला फुडची वरात न्हाई." मग अख्खा आदाज्यो ऐकायचा म्हणाले. तो झाला, मग उरलेलं सगळं ऐकलं. शेवटाला एक आघात जोरात येतो आणि मग तोच मंद, विझल्यासारखा, तुम्हाला माहीत आहेच. ते झाल्यावर मी स्पीकर बंद करायला हात पुढे केला तर म्हणाले, राहू दे जरा.

आईने जेवायला हाक मारली तेव्हा उठले. हात धुताना विचारलं, "किती मानसं होती?" पाच म्हटलं. "पाचच? मला वाटलं एक."


मध्यलय, बुधवार रात्री ९:३०

माझा तिसरा क्रमांक ठरला.


तारषड्ज, बुधवार रात्री ९:४२

व्लाख कुठे मिळेल? मोनो चालेल.


पाऊसपाणी, बुधवार रात्री १०:२०

वाखूसा (वाचनखूण साठवली). आणि फुंकर, वडिलांना ट्रिओही ऐकवा आणि काय म्हणाले ते इथे लिहा.